उरलेलं कापड

डिसेंबर लागला की बाळीवेशीतल्या माझ्या दुकानात
पांढऱ्याशिवाय दुसरा रंग येत नाही.
एका बाराबंदीला बारा बंद,
म्हणजे बारा चिंचोळ्या पट्ट्या
सुईच्या बोथट टोकानं उलटवायच्या.
डोळे दुखतात. गड्डा जवळ आल्याचं मला तिथं कळतं.

चनबसप्पा आले.
एकवीस वर्षं नंदीध्वज कमरेवर पेललेला माणूस,
अडुसष्ट लिंगांची वाट पायांनाच पाठ.
परवाच्या साली मणका सरकला,
आता काठीला पोराचे हात.
तरी कापड घेऊन आले.
"माप नको आक्का. मागचंच लाव."

वहीत मागचं होतं: छाती बेचाळीस, खांदा एकोणीस.
समोर उभं होतं ते
डावीकडं कललेलं, बेचाळीसला बरंच कमी.
टेप गळ्यातच राहिली माझ्या.
डोळ्यांनी मोजलं.

खडूची रेघ मारताना हात दोनदा थांबला.
मागच्या मापानं शिवली असती तर
भर रस्त्यात वारा शिरला असता आत
आणि फुगून सांगितलं असतं त्यानं सगळ्यांना.
मी नव्या मापानं कापली.
नेताना म्हणाले, मागचंच आहे, बघा.

अक्षतेच्या दिवशी संमती कट्ट्यापाशी
सात काठ्या आभाळात,
आणि गर्दीत जरा बाजूला चनबसप्पा,
बंद नीट बांधलेले,
हात पोटाशी, रिकामे,
तोल धरल्यासारखे.
दिड्डम दिड्डम, सत्यम सत्यम.
तांदूळ उडाले, माझ्या मुठीतलेही.
सत्यम म्हणताना मी नुसते ओठ हलवले.
त्या गलक्यात कुणाला कळतंय.

गड्डा उठला. होम मैदानावर
पाळण्यांच्या पायांचे खड्डे तेवढे राहिले.
चनबसप्पा शिलाईचे राहिलेले पैसे द्यायला आले.
"झकास बसली," म्हणाले.
मग टेबलाखालच्या पांढऱ्या तुकड्याकडं बघत राहिले.
अख्खी उमर चादरीच्या मागावर गेलेली,
वीतभर कापडही नजरेतून सुटत नाही.

"मागच्याच मापाची ना गं?
मग एवढं उरलं कसं?"

मशीनचं चाक मी उगाच फिरवलं.

"असू दे. दे की इकडं.
नातवाला टोपडं होतंय."

घडी करून दिलं.
वहीत अजून बेचाळीसच आहे.