द्राक्षांचा काटा

डॉक्टर म्हणाले, गुडघे बदलायचे तर आधी नऊ किलो उतरवा.
जणू नऊ किलो म्हणजे माळ्यावरचं पातेलं,
स्टूल घेतलं की खाली.

मी नोटांच्या प्रेसमध्ये एकतीस वर्षं काढली, नाशिकरोडला.
ताव तपासायचे. आकडा तिरका दिसला की बाजूला.
तेव्हा पोळ्या कधी मोजल्या नाहीत.
आता मोजते. बदाम पाच, पोळी दीड.
उरलेली अर्धी कुणी खायची
ते आहारवाल्या बाईंनी सांगितलं नाही.

घरी ठीक चालतं. दुधी निमूट असतो.
प्रश्न रविवारचा.
रविवारी आम्ही सहाजणी, सगळ्या प्रेसच्या,
दोन रिक्षा करून मखमलाबाद रोडला जातो,
द्राक्षबागेतल्या पत्र्याच्या शेडखाली,
जिथे चुलीवर काळा रस्सा रटरटतो
आणि वाटीत तर्री अशी चकाकते
की माझा नियमच खुर्ची ओढून बसतो.

मी घरून काकडी नेली होती. डब्यात. बिनमिठाची.
इंदुमती म्हणाली, "ही काय आता मिसळीशी बोलणार?"
शकुंतलेने माझा पापड उचलला, प्रेमाने,
सगळ्या हसल्या, मीही,
पण माझा हात पावाकडे निघालेला होता
आणि त्याने मला कळवलं नव्हतं.

वाढणारा पोरगा मोतीराम. पेठकडचा, गावित.
"मावशी, आज पाव नको?"
"वजन कमी करतेय रे."
भरली बादली कुणी ओतून देताना बघावं
तसं त्याने माझ्याकडे बघितलं.
"मला वाढवायचंय," म्हणाला. "पोलीस भरती.
धावतो बरोबर, छातीच भरत नाही.
मागच्या खेपेला दोन सेंटिमीटरसाठी घरी पाठवलं."

शेडमागे क्रेट मोजायचा काटा.
तो चढला. एकोणपन्नास.
मग मी, चपला काढून,
चपला काढल्याने काय फरक पडतो ते बायकांनाच ठाऊक.
ब्याऐंशी.
"दोघांचे मिळून साडेसहा क्रेट, मावशी."
बेरीज बरोबर होती. वाटणी चुकलेली.

"मग खात का नाहीस? इथे काय कमी आहे?"
"गर्दी ओसरेपर्यंत खायचं नाही. जाताना शेठ खिसे बघतो."

खिसे बघतो.
मला प्रेसचं गेट दिसलं,
बायांची रांग, डबा उघडा, पदर झटका,
एकतीस वर्षं.
कधी कागदाचा कपटा नेला नाही,
तरी बाहेर आल्यावर
मी हात साडीला पुसत असे.

काकडी सगळ्यांना वाटून टाकली.
रिकाम्या डब्यात माझे दोन पाव, शकुंतलेचा एक,
मटकी, दह्याची वाटी अख्खी उपडी,
वरून जिलबी, एकीवर एक.
झाकण बसेना, तळव्याने दाबलं.
"घे. माझा डबा आहे. म्हातारीचा डबा कोण बघतं?"
मोटारीच्या खोलीमागे तो गेला.
मी वाटेवर उभी राहिले, वेलींकडे बघत,
शेठ आलाच तर घडांचा भाव विचारायला.
आला नाही.
डबा परत आला तो धुऊन, पालथा.

मग मी जाग्यावर आले
आणि उरलेला रस्सा प्यायले. वाटी तोंडाला लावून.
तर्रीसकट. इंदुमतीचाही.
खोटं कशाला बोलू.

सोमवारी काट्याने तीनशे ग्रॅम जास्त दाखवले.
आहारवाल्या बाईंची वही पुढ्यात. बाहेर काय खाल्लं?
मी लिहिलं: पाव, शून्य. जिलबी, शून्य.
रस्सा लिहिला नाही.
आयुष्यात पहिल्यांदा
तिरका ताव हाताखालून पुढे जाऊ दिला.

सुनेने विचारलं, मोठा डबा कशाला काढलात?
म्हटलं, काकडी आता दोन लागतात.