भाड्याची पानं

कोशित्सेच्या वाद्यवृंदात आहे मी, पण वाजवत नाही.
तळघरात, गरम पाण्याच्या नळाशेजारी
स्वरलिपीची पानं सांभाळते.
पहिली व्हायोलिनं चौदा, प्रती सात.
दोघांत एक स्टँड.
आत बसेल त्याने पान उलटायचं,
आणि तेवढा वेळ एक वाद्य गप्प होतं
हे कुणाला कळू द्यायचं नाही.

कार्यक्रमाआधी तीन आठवडे
हेदविगाची प्रत खाली येते, पहिल्या स्टँडची.
गज कुठे ओढायचा, कुठे ढकलायचा,
तिने ठरवलेलं असतं.
मी ते उतरवत बसते टू-बी पेन्सिलीने:
खाली उघडी चौकट म्हणजे ओढ,
उलटं छप्पर म्हणजे ढकल.
बावन्न पानं, गुणिले सात.
मनगटावर सूज.
मग त्या रात्री चौदा कोपरं एकदम वळतात
आणि लोक म्हणतात, काय शिस्त आहे!
ती माझी मागच्या महिन्यातली संध्याकाळ असते.

ही रचना मात्र भाड्याची.
पेटीतून येते, पेटीतून जाते.
करारात कलम आहे: खुणा पेन्सिलीनेच,
परत करताना सगळ्या पुसून.
पुसतात सगळेच,
नीट कुणीच पुसत नाही.
कागदावर दाब उरतो.
दिवा तिरका धरला की वाचता येतो.

व्हायोलाच्या चौथ्या प्रतीत
जर्मनमध्ये कुणी लिहिलंय, वर बघ,
शेजारी चष्मा काढलाय, एक काच फुटकी.
हंगेरियनमध्ये: हळू, हळू, अरे देवा.
आणि जिथे त्रेसष्ट रिकामी घरं आहेत,
नुसती मोजत बसायची,
तिथे आमच्या स्लोवाकमध्ये:
शेवटची ट्राम दहा चाळीस.

शेवटच्या दुहेरी रेघेखाली तारखा.
ग्राझ, सदतीस साल, चव्वेचाळीस मिनिटं.
डेब्रेत्सेन, अठ्ठावन्न, एकावन्न मिनिटं, कंडक्टर म्हातारा.
कोशित्से, एक्काहत्तर, हॉलमध्ये सहा अंश,
अडतीस मिनिटांत उरकलं.

आमचा इम्रिख या चौथ्या स्टँडवर आत बसायचा.
एकतीस वर्षं पान उलटलं त्याने.
नवव्या पानावर उलटायला जागाच नाही,
सूर दोन्हीकडे ओसंडतात.
तर पुढच्या पानाची पहिली दोन घरं
त्याने खालच्या कोपऱ्यात हाताने लिहून ठेवली,
बारीक, दांड्या जरा डावीकडे कललेल्या,
शेजारच्या द्राहोमिरासाठी.
पान वळेतो
तिची पंगत रिकामी राहू नये म्हणून.

मार्चमध्ये तो गेला.
सोमवारी पेटी जाणार.

खोड म्हणजे सवय,
खोड म्हणजे मिटवून टाक.
शब्द एकच, आणि रबर माझ्या हातात.
सातही व्हायोलिनं पुसून झाली,
चेलो झाले, बासचं काळं बोट पुसलं,
व्हायोलाच्या तीन प्रती.
नवव्या पानाशी चहा ठेवला.

द्राहोमिरा खाली आली, कोट न काढता.
फोटो काढून घे, मी म्हटलं.
ती म्हणाली, मला पाठ आहे गं.
माझ्या हातून रबर घेतलं
आणि स्वतःच पुसू लागली,
उजवीकडून डावीकडे, उलटी,
दुसरं घर आधी.
चुरा फुंकला नाही तिने.
तळहाताच्या कडेने गोळा केला,
कोटाच्या खिशात टाकला,
खिशाचं बटण लावलं,
आणि विचारलं, शुक्रवारी तालीम किती वाजता?

दहाला, मी म्हटलं. नवा मुलगा येतोय,
तुझ्या शेजारी.
पानं उलटता येतात का त्याला?
बघू.

पावतीवर मी लिहिलं:
प्रती तेवीस. सर्व खुणा पुसलेल्या.
खाली सही, शिक्का.
मग पेटीला दोर आवळताना वाटलं,
अजून एक ओळ हवी होती:
कृपया दिवा तिरका धरू नये.