पाथरवटाची खूण

एकतीस वर्षं मी ओरेन्सिओमागे कॅमेरा वाहिला.
वेस्काच्या दैनिकात तो आधी
गारपीट, मेंढ्यांचे भाव आणि कोण वारलं ते लिहायचा.
मेलेल्यांची वयं त्यानं कधी चुकवली नाहीत.

मग एका फेब्रुवारीत, डोंगरावरच्या एकाकी चर्चपाशी,
म्हाताऱ्या ऑब्दुलियानं एप्रनच्या खिशातून
वीतभर किल्ली काढली,
आणि आत, तिसऱ्या खांबावर, तो दगड:
एक त्रिकोण, त्यातून खाली उतरलेली रेघ.
ओरेन्सिओ एकदम कुजबुजत बोलू लागला.
म्हातारी मात्र नेहमीच्याच आवाजात:
"पाथरवटाची खूण ती. जेवढ्या खुणा तेवढी मजुरी.
शनिवारी मोजायला बरं."
मी फ्लॅश मारला.

रविवारच्या पुरवणीत खूण आली,
म्हातारी आली, तिची किल्लीसुद्धा आली.
मजुरी तेवढी राहून गेली.

पुढचं काय सांगू.
आठ कादंबऱ्या, आठही कादंबऱ्यांत एक साधू
नेमका बोलायच्या आधी मरतो.
विमानतळांवर त्याच्या नावाचे ढीग.
लुक्सॉरला मी जुलाबानं आडवी,
हा थडग्यात रात्रभर एकटा, सकाळी सर्दी घेऊन वर.
प्राध्यापक हसायचे. वाचक पत्रं धाडायचे,
सोबत न्हाणीघराच्या ओल आलेल्या भिंतीचे फोटो:
यात चेहरा दिसतोय का?
प्रत्येकाला त्यानं उत्तर लिहिलं, हातानं,
दिसतो असं कुणालाच न लिहिता.

गेल्या ऑक्टोबरात म्हणाला, चल.
गुडघे गेलेले; चढण चढायला दीड तास.
ऑब्दुलिया नाही. किल्ली तिच्या जावयाकडे,
ट्रॅक्टरच्या चावीसोबत एकाच कडीत.
ओरेन्सिओनं दगडावर तळवा टेकला
आणि भिंतीभिंतीनं सरकत पुटपुटायला लागला.
मला वाटलं, प्रार्थना. मोजत होता.
मी टॉर्च धरून उभी, हात भरून आला तरी.

"एक्केचाळीस," तो म्हणाला. "छताजवळचे दिसत नाहीत."
मग बराच वेळ काही नाही.
"याला सगळे पैसे मिळाले असतील का गं?"

बाहेर जावई हॉर्न वाजवत होता.
मी फोटो काढला तो हललेला आलाय:
टोपी, भिंत, मध्ये काहीतरी पांढरं.
ओरेन्सिओ चष्मा पुसत म्हणाला, लिहून घे,
एक्केचाळीस.
आकड्याच्या आधी 'किमान' लिही.