सदतिसावं कार्ड

अक्कलकोट रस्त्यावरचा कारखाना
पंधरवड्यात रिकामा करून द्यायचाय.
माग भंगारात तोलून झाले,
राहिली नमुन्यांची खोली.
चादरी सहाशे अकरा,
एकेका डिझाइनची एकेक.

मालकाचा मुलगा फोनवर म्हणाला,
हलके फोटो काढा मॅडम,
लोक मोबाईलवरच बघतात,
जड असले की उघडत नाहीत.

कॅमेरा जुना, त्यात कार्ड दोन जीबीचं.
दुसरं घरी टेबलावर राहिलं
ते इथं पोचल्यावर आठवलं.
मेन्यूत शिरले.
रॉ केलं तर उरलेले फोटो एकोणऐंशी,
फाइन तीनशे बारा,
नॉर्मल सहाशे वीस,
बेसिक बाराशे चाळीस.
एकाच खिशात वेगवेगळ्या नोटा मोजाव्यात
तशी चाक फिरवत बसले.

नॉर्मल बरं, म्हटलं. सगळ्या मावतात.
राजेशम मामा घडी उलगडताना थांबले.
'आनि दुसरी बाजू?'

खरंच की.
आपल्या चादरीला उलटी बाजूच नसते,
दोन्ही सुलट्या:
इकडे लालावर पांढरा मोर,
तिकडे पांढऱ्यावर लाल.

दोन्ही घ्यायच्या तर बेसिक.
'मग त्यात काय टाकून द्यालंय हे?'
मी सांगत गेले, जमेल तसं:
फोटोचे आठ बाय आठचे चौकोन पाडतो,
चौकोनात जे सारखं ते एकदाच लिहितो,
आणि जे बारीक, डोळ्याला कळणार नाही असं,
ते सोडून देतो.

मामा हसले. तंबाखूचा हात झटकला.
'चाळीस वर्सं दुसरं काय केलो?
ग्राफच्या कागदावर मोर मोजायचा,
घर भरलं तर भोक, नाही तर नाही.
गोल मान कुटली आलीय पंचिंगला?
ती बघनाऱ्यानं आपली आपन करून घ्यायची.'

मग त्यांनी ती चादर ट्यूबलाइटखाली धरली
आणि नखानं दाखवलं:
मानेवर एक टाका जास्त.
ह्या मोराच्या, शेजारच्या मोराच्या,
पन्ह्यातल्या सगळ्या मोरांच्या,
त्याच जागी.
सदतिसाव्या कार्डावर एक भोक चुकून पडलं,
मुलगी दवाखान्यात होती त्या रात्री.
तीन वर्षं माल गेला.
एक माणूस बोलला नाही.

मुलीचं पुढं काय झालं, मी विचारलं नाही.

बेसिकवर एक काढून बघितला,
मोठा करून, अजून मोठा करून.
मोर होता, मान होती,
टाका नव्हता.
त्या जागी थोडा गुलाबी चिखल.
कॅमेऱ्यानं चूक दुरुस्त केली म्हणावं
की रात्रच पुसली?
मामांना स्क्रीन दाखवली नाही.
त्यांनी मान वाकवून बघितलीच.
'ग्येलं की,' एवढंच.

तेवढी एक चादर रॉमध्ये घेतली,
दोन्ही बाजू.
दोन फोटोंनी बत्तिसांची जागा खाल्ली,
हिशोबात बारा कमी पडले,
म्हणजे सहा चादरींना जागाच नाही.
कुठल्या सोडायच्या ते मी ठरवेना.
मामांनी ढिगातून सहा काढून बाजूला ठेवल्या,
सगळ्या चौकडीच्या.
'चौकडी कुनालाबी आटवते,' म्हणाले,
'मोर आटवत नाही.'

संध्याकाळी पाचला आकडा शून्यावर आला.
बाहेर अजून तव्यासारखं ऊन.
मामांनी घड्या पुन्हा घातल्या,
न काढलेल्या सहांच्यासुद्धा,
कडेला कड जुळवून.

रात्री मालकाच्या मुलाचा मेसेज:
सगळे मिळाले, छान.
फक्त दोन फाइली फार जड आहेत,
उघडत नाहीत. उडवू का?

टाइप केलं, नको.
मग वाटलं, कारण विचारेल.
ते पुसलं,
आणि परत तेवढंच लिहिलं.