सांबऱ्यापर्यंत एक साडी

रद्दीवाल्यानं गोल दिला साठ रुपयाला.
जुना आहे. रशिया अजून अख्खा आहे त्याच्यावर,
आणि आपल्याकडं सगळीकडं एकच गुलाबी रंग,
महाराष्ट्र कुठला, कर्नाटक कुठला, कळत नाही.
ईरण्णा म्हणाला, बरं झालं की, भांडणच मिटलं.
बेळगाव नव्हतंच. गोव्याच्या जरा आत
बॉलपेननं मी ठिपका दिला.
आमचं वडगाव त्या ठिपक्याच्या पोटात कुठंतरी.

टोरांटो मात्र छापलेलं होतं. पल्लवी तिथं असते.

कांडीवरचं निळं सूत घेतलं,
एक टोक ठिपक्यावर, एक तिच्या दारात.
शाळेतल्या नकाशासारखं सरळ पश्चिमेला लावलं:
गोवा, समुद्र, अरबांची वाळू, आफ्रिका, परत समुद्र.
सूत सैल.
जरा ओढलं तर बोटाखालनं निसटून
आपलं आपण वर सरकलं,
काबूल, रशिया, पार बर्फाच्या टोपीपर्यंत,
आणि पलीकडनं खाली उतरलं.
मी परत खाली आणलं. ते परत वर गेलं.
चाळीस वर्षं हेच बघत आलोय,
ताणलं की सूत खोटं बोलत नाही.

म्हणजे पोरगी उत्तरेकडनं गेली
आणि तिची आई त्या दिवशी
गोव्याकडं तोंड करून हात जोडत होती.

ईरण्णाच्या नातवानं मोबाईलवर काढून दिलं:
बारा हजार नऊशे किलोमीटर.
कुठं टेकलं नाही तर पंधरा-सोळा तास.
पण टेकावं लागतं.
सांबऱ्याहून मुंबई, मुंबईत नऊ तास बाकड्यावर,
सगळे मिळून सव्वीस धरा.
मंगळवारी चारला गेली. बुधवारी सहाला फोन,
पोचले, इथं सकाळ आहे,
कुंद्याचा डबा साहेबानं हुंगून परत दिला.
इकडं आम्ही दिवा लावत होतो.

रात्री झोप नाही म्हणून हिशेब केला.
आजवर उतरवलेल्या साड्या आठ हजार.
एकीला एक जोडून रस्त्यावर अंथरल्या
तर कापड जातं संकेश्वरपर्यंत.
जन्मभर खड्ड्यात पाय सोडून बसलो
आणि संकेश्वर!
बसला तास लागतो.

मग परत उठून बसलो. कमळाक्षीला हलवलं.
अगं, कापड मोजायचंच नाही, आडवं सूत मोजायचं.
धोटा ह्या काठापासनं त्या काठाला, अडीच हात.
साडीत अशा अकरा हजार खेपा.
बारा किलोमीटर होतात. घरापासून सांबऱ्याचं विमानतळ,
एका साडीत!
आणि टोरांटो हजार-पंच्याहत्तर साड्यांत.
"बालवाडीला घातली तिथनं पाचवीपर्यंत,"
ती म्हणाली, आणि कूस बदलली.

तिची फी भरता भरता
मी एकदा तिथं पोचलोही होतो तर.
कुणी सांगितलं नाही.

आठ हजारांचा हिशेब पुढं नेला.
तीनदा जाऊन आलोय.
चौथ्या खेपेला परत फिरलोय,
ह्या घडीला बर्फावरनं चाललोय कुठंतरी.
घरी पोचायला अजून साडेसहाशे साड्या.
गल्लीत पॉवरलूम सुरू झाले, पाच वाजले असणार.
तीन वर्षं लागतील.
गुडघा देतो का बघू.