सीटखालचा पत्रा

फ्रेम इटलीची. कुठल्या कारखान्याची, सांगता येत नाही,
स्टिकर उन्हानं खाल्लं, शेवटची दोन अक्षरं तेवढी उरलीत.
पुढचं चाक जपानी, छत्तीस तारांचं.
मागचं बत्तीस तारांचं, सित्राच्या भंगारातून काढलेलं.
डावा ब्रेक एका कंपनीचा, उजवा दुसरीचा,
दोघं एकमेकांकडे बघत नाहीत,
पण थांब म्हटलं की थांबवतात.

मुहर्रकला वर्गीसच्या दुकानात
मी ती आकड्याला टांगली आणि विचारलं, किती येतील?
वर्गीसनं आधी चहा सांगितला.
म्हणजे कमी येणार.
मग बोटानं एकेक भागाला टिचकी मारत गेला:
सुटी करून विक.
फ्रेमचे पस्तीस दिनार,
मागच्या गिअरचे वीस, त्यासाठी वेडी झालेली माणसं आहेत,
हँडल, क्रँक, ते छत्तीस तारांचं चाक,
धरून चाल नव्वद.
अख्खी विकलीस तर पन्नाससुद्धा नाहीत.
शौकीन माणूस आधी बघतो,
सगळं एका सालचं, एका घराण्याचं आहे का.
ही तर... आणि मल्याळममधला एक शब्द,
जो सोळा वर्षांत मला कळायला लागलाय
पण इथं लिहीत नाही.

मी कोल्हापूरच्या उद्यमनगरातला टर्नर.
घराणी कळत नाहीत, आटे कळतात.
इटलीवाल्यांचा आटा दोन्ही बाजूंना उजवाच.
इंग्रजी कप त्यात घातला तर खुळखुळतो.
बाजारात मिळेना, तेव्हा हिद्दच्या ड्राय डॉकमध्ये
जेवणाच्या सुट्टीत, एका टँकरच्या शाफ्टशेजारी
मी तिच्यासाठी कप काढला, आटे पाडले.
फोरमननं पाहिलं. काही बोलला नाही,
फक्त पोळी गार होतेय म्हणाला.
आणि सीटचा दांडा दोन दशांश मिलिमीटर बारीक होता,
तिथं पेप्सीचा डबा कापून पत्रा गुंडाळला.
अरबी अक्षरं अजून वर डोकावतात.

त्याच आठवड्यात ऑफिसनं माझाही हिशेब मांडला.
पहिली तीन वर्षं अर्ध्या पगारानं,
पुढची तेरा पूर्ण,
न घेतलेली रजा वेगळी, तिकीट वेगळं.
मी दोनदा तपासला.
बेरीज बरोबर होती.

गुरुवारी रात्री आर्नेल आला, सीफमध्ये कॉफी करणारा.
नुसता मागचा गिअर हवा होता.
मोबाइलच्या उजेडात त्यानं तो पाहिला, पुसला,
मग म्हणाला, एकदा चालवून बघू?
आणि पुलाच्या दिशेनं गेला.
दहा मिनिटं झाली. वीस झाली.
शिफ्ट संपवून आलेल्या बसमधून
धोंडिबा गुरव उतरला, म्हणाला, गेली तुझी सायकल.
दमट हवेत माझा शर्ट पाठीला चिकटलेला.
मी म्हटलं, गेली तर गेली,
आणि म्हणताना जीभ कोरडी पडली.

परत आला, धापा टाकत.
"भाई, राइट साइड टॉकिंग."
उजवीकडून बोलते.
लपवता आलं असतं. नाही लपवलं.
उजवा कप चालता चालता आपोआप सैल होतो,
त्या आट्याची जातच तशी, दोन महिन्यांनी आवळावा लागतो.
किल्ली मी देतो.
आणि सीट काढलीस तर तो पत्रा टाकू नकोस.

अठ्ठेचाळीस ठरले होते.
बोलण्याचे दोन कमी केले.
अख्खी नेली त्यानं.

वर खोलीत नाइटवाले झोपलेले.
हँडलची टेप घासून भिंतीवर
कंबरेएवढ्या उंचीला काळी रेघ उमटलीय,
ती ओल्या फडक्यानं जात नाही.
सकाळी घरमालकानं बघितली.
रंगाचे तीन दिनार कापणार म्हणाला.