स्थापना वर्ष

पंचायतीने फॉर्म पाठवलाय:
वाड्याचं नाव. परिसर. इतिहास, दहा ओळींत.
अक्षर त्यातल्या त्यात बरं अंगणवाडीच्या बाईचं,
म्हणून माझ्याकडे.
नाव लिहिलं, कोंडेमळ. तालुका काणकोण.
घरं सतरा. एक बंद, चावी मडगावला.
परिसर: तीन बाजूंना डोंगर,
चौथ्या बाजूला पूर्वी वाघ होता, आता मोबाइलचा टॉवर.
भरवसा दोघांचाही नाही.

मग रकाना, स्थापना वर्ष.
उमो वेळीप पडवीत दोर वळत होता.
मान वर न करता म्हणाला, तीन कळक.

कळक फुलतो चाळीस-पंचेचाळीस वर्षांतून एकदा,
सगळं बेट एकदम,
आणि उभ्या उभ्या वाळून जातं.
दुसरं पंचांग आमच्याकडे नव्हतं.

पहिल्या कळकाला वरच्या मळावर उंदीर आले.
बांबूचं बी संपलं तसे कणग्यांत शिरले,
मग पाळण्यांत, पोरांच्या बोटांपर्यंत.
सात घरं खाली उतरली, मडक्यात विस्तव घेऊन.
उतरणीवर तो विझत आला,
तेव्हा थाकू नावाच्या कुणी बाईने
आपले केस कापून त्यावर घातले.
उमोची बहीण आतून ओरडते:
केस कुठे असे जळतात? कापडाचा पदर होता तो!
दहा ओळींत भांडणाला जागा नाही.

दुसऱ्या कळकाला पोर्तुगीजांचा गार्द आला.
डोंगराला आग लावायची नाही, म्हणाला.
कुमेरी म्हणजे तोडायचं, जाळायचं, पेरायचं,
आणि पुढची दहा वर्षं
त्या उताराला हात लावायचा नाही.
त्याला पहिली दोनच कामं दिसली.
उमोच्या बापाने कोंबडे विकून दंड भरला,
पावती तांदळाच्या मडक्यात जपली.
वाळवीने खाल्ली.
ज्या वारुळाला आम्ही फुलं वाहतो, त्यातलीच असेल.

तिसऱ्या कळकाला ओहळ सरकला.
संध्याकाळी देवराईच्या खालून वाहत होता,
सकाळी वरून.
नकाशा त्याच्या आधीचा.
कागदावर आम्ही अजून पलीकडच्या काठाला आहोत,
मत द्यायला, रेशन आणायला
गुडघाभर पाण्यातून
स्वतःच्याच पत्त्यावर जातो.
मी त्याच पावसाळ्यातली. माझा जन्मदाखलाही पलीकडचा.

आणि मांडाबद्दल काय लिहू?
तिथे बघण्यासारखं काही नाही.
सारवलेली जमीन, कडेला एक दगड.
पौषात बायका समोरासमोर दोन रांगा धरतात,
एरवी मिरच्या वाळतात.
चपला मात्र बारा महिने बाहेर,
मिरच्या उलटायला गेलं तरी.

सेक्रेटरीला फोन लावला, टॉवरची मर्जी होती.
बाई, एकसष्ट साल घाला, तो म्हणाला,
सगळे वाडे तेच घालतात.
म्हटलं, तेव्हा तर उमोला मिसरूड फुटलं होतं.
मग फोन कापला गेला, का त्याने ठेवला.

दुपारी उमो कोयता घेऊन बेटाकडे निघाला.
बंद घराचं छप्पर एका कोपऱ्यात बसलंय,
मडगावहून निरोप होता.
एकेका कळकाला कोयत्याची पाठ मारून तो ऐकत राहिला.
चौथा कधी, मी विचारलं.
त्याने शेंड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे,
जणू वय माझं मोजायचं होतं.
तू बघशील, म्हणाला.
आपण बघणार की नाही, ते बोलला नाही.

फॉर्मवर पेन्सिलीने लिहून ठेवलंय: तीन कळक, चौथा चालू.
शाईने काय करायचं ते त्यांचं त्यांनी करावं.

बुंधा त्याच्या खांद्यावर, शेंडा माझ्या.
ओहळ ओलांडताना कुठल्यातरी पेऱ्यात
अडकलेलं पाणी हलत होतं,
मला वाटलं तो काहीतरी पुटपुटतोय.